दुसऱ्याच्या मापाचा कर्नल: क्रॉस-कंपाइल करताना बिल्ड का अडतो?

शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका रविवारी सकाळी लॅपटॉप छातीशी धरून आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, एमआयटीचा कोड आहे, तरी बिल्ड होत नाही. एक अक्षरसुद्धा मी बदललेलं नाही, शपथ!"

कोड होता एक्सव्ही६चा. ही एमआयटीत २००६ साली शिकवण्यासाठी लिहायला घेतलेली छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची सहावी आवृत्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. आधी इंटेलच्या प्रोसेसरवर चालायची, आता रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवर चालते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आतून कसा असतो हे बघायचं तर इतकं आटोपशीर कोड क्वचित सापडतं. आणि तरीही स्क्रीनवर लाल अक्षरांची रांग लागलेली.

अशा वेळी पहिला संशय कोडवर जातो, दुसरा स्वतःवर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. कंपायलरने, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवणाऱ्याने, कुणाला न विचारता काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि एकेका एररमधून त्यातलं एकेक गृहीतक बाहेर येतं. कुठलं ते कळलं की दुरुस्ती सहसा एका ओळीत होते. (या लेखात कमांड आणि फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचे पर्याय, देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे कापड घेऊन जा. तो गळ्यातली टेप काढतो आणि समोर उभा असेल त्याचं माप घेतो. सवयच आहे त्याची. सदरा सांगलीच्या भाच्यासाठी शिवायचाय हे तुम्ही सांगितलंच नाही, तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. लॅपटॉपवरचा जीसीसी हा साधा कंपायलर असाच. तो ज्या मशीनवर बसलाय त्याच प्रोसेसरसाठी आणि त्याच ऑपरेटिंग सिस्टिमखाली चालेल असाच प्रोग्राम शिवतो. कर्नलच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी चुकतात. प्रोसेसर वेगळा असू शकतो आणि खाली ऑपरेटिंग सिस्टिम तर नसतेच, कारण तीच तर आपण बनवतोय.

म्हणून लागतो क्रॉस-कंपायलर, एका मशीनवर बसून दुसऱ्याच्या मापाचं शिवणारा. त्याचं नाव तिपेडी वेणीसारखं असतं: प्रोसेसर कुठला, बनवणारा कोण आणि प्रोग्राम कशाच्या आधाराने चालणार. ‘रिस्कव्ही६४-अननोन-ईएलएफ’ हे एक नाव, ‘रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू’ हे दुसरं. मधलं पेड बऱ्याचदा गळून जातं, ते सोडून द्या. शेवटचं बघा. ‘लिनक्स-जीएनयू’ असेल तर कंपायलर खाली लिनक्स आहे असं धरून चालतो. नुसतं ‘ईएलएफ’ असेल तर खाली मोकळं रान. कर्नलसाठी दुसरा जास्त सोयीचा. पहिलाही चालतो, फक्त त्याला थोडं आवरावं लागतं.

मुलाच्या स्क्रीनवर वर स्क्रोल केलं. खालचा एरर आधी वाचायचा नाही, सगळ्यात वरचा वाचायचा. पहिली ठेच लागली की पुढची निम्मीअधिक पडझड त्यामुळेच होते. आणि बिल्डची कामं करवून घेणाऱ्या ‘मेक’ या प्रोग्रामला एका वेळी आठ कामं दिली असतील तर आधी ती एकावर आणायची, नाहीतर चार फायलींचे एरर एकमेकांत गुंततात आणि पहिला कुठला तेच कळत नाही. वर गेल्यावर सापडलं: रिस्कव्ही६४चा जीसीसी आणि बिनयुटिल्स (लिंकर वगैरे सोबतची हत्यारं) सापडले नाहीत. मेकफाइल, म्हणजे ‘मेक’साठीची कामांची यादी, स्वतःच दोन-तीन प्रचलित नावं आळीपाळीने शोधून बघते आणि एकही मिळालं नाही तर तसं स्पष्ट सांगते. त्याने तो मजकूर वाचलाच नव्हता, कारण त्याच्याखाली बरंच काही ओतलं गेलं होतं.

"अरे, पण जीसीसी आहे माझ्याकडे," तो म्हणाला. आहे ना, पण तो समोरच्याचं माप घेणारा. उबुंटू लिनक्सवर रिस्क-फाइव्हचं जीसीसी पॅकेज वेगळं मिळतं, ते टाकलं. तुमच्या कंपायलरचं नाव मेकफाइलच्या यादीत नसेल तर ‘टूलप्रीफिक्स’ या व्हेरिएबलमध्ये ते आपण द्यायचं, शेवटच्या डॅशसकट. तो डॅश विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, मी त्यातलाच. मेकफाइल त्या प्रीफिक्सला ‘जीसीसी’, ‘एलडी’, ‘ऑब्जडम्प’ असे शब्द सरळ चिकटवते. मध्ये डॅश नसला की ‘लिनक्स-जीएनयूजीसीसी’ नावाचा, जगात कुठेही नसलेला प्रोग्राम शोधायला निघते.

लिनक्सचा खरा कर्नल किंवा त्याच्या ‘सॅम्पल्स’ फोल्डरमधली उदाहरणं दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधताना हाच खेळ दोन व्हेरिएबल्सचा असतो. ‘आर्च’मध्ये कर्नलने त्या प्रोसेसरला दिलेलं नाव आणि ‘क्रॉस-कंपाइल’मध्ये कंपायलरचा प्रीफिक्स. इथे एक गंमत आहे. ६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरला कर्नल ‘आर्म६४’ म्हणतो आणि कंपायलर ‘एआर्च६४’. एकाच माणसाचं शाळेतलं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं. त्यामुळे एकात एक आणि दुसऱ्यात दुसरं लिहावं लागतं. पहिलं दिलं आणि दुसरं विसरलं, तर जीसीसी तक्रार करतो की ‘लिटल-एंडियन’ नावाचा फ्लॅग त्याला ओळखता येत नाही. नवखा माणूस एंडियन म्हणजे काय ते वाचत बसतो. खरं तर कर्नलने आर्मचा फ्लॅग इंटेलच्या मापाचं शिवणाऱ्या कंपायलरच्या हातात दिलेला असतो आणि तो बिचारा गोंधळतो, एवढंच.

याच्या उलटही होतं. बिल्ड चालू असताना काही छोटे मदतनीस प्रोग्राम लागतात, ‘फिक्सडेप’ त्यातला एक. ते आपल्याच लॅपटॉपवर चालायचे असतात, म्हणून ते साध्या कंपायलरनेच बांधले पाहिजेत. कुणी तयार फोल्डर दुसऱ्या मशीनवरून उचलून आणलं की ‘एक्झेक फॉर्मॅट एरर’ येतो. शिंप्याची कात्रीच दुसऱ्याच्या हाताच्या मापाची.

कंपायलर मिळाला. ‘मेक’ पुन्हा चालवलं. यावेळी बरंच पुढे जाऊन शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलवर अडलं: ‘इन्फिनिट रिकर्शन डिटेक्टेड’. मुलाचा चेहरा उजळला. "बघा, कोडच चुकलंय!"

चुकलेलं नव्हतं. शेलमध्ये ‘रनकमांड’ या अर्थाचं एक फंक्शन आहे. ते स्वतःलाच पुन्हा बोलावतं आणि कधीच परत येत नाही, कारण शेवटी एक तर नवा प्रोग्राम सुरू होतो किंवा ‘एक्झिट’ होतो. आपल्याला हे माहीत आहे, पण ‘एक्झेक’ (नवा प्रोग्राम सुरू करणारी हाक) झाल्यावर त्या फंक्शनचं काय होतं हे जीसीसीला कुठून कळणार? २०२२ साली जीसीसी १२ आला आणि त्यात न संपणारं रिकर्शन हुडकणारी नवी सूचना (वॉर्निंग) आली. एक्सव्ही६ची मेकफाइल प्रत्येक सूचनेला एरर मानते. त्यामुळे वर्षानुवर्षं बिनबोभाट बांधलं जाणारं कोड एका रात्रीत अडलं. उपाय असा: त्या फंक्शनच्या घोषणेला ‘नोरिटर्न’ हे ॲट्रिब्यूट लावायचं, म्हणजे ‘हा गेला की परत येत नाही’ एवढं कंपायलरला सांगायचं. मूळ कोडमध्येही पुढे हेच केलं गेलं.

सूचनांना एरर मानणारा तो फ्लॅगच काढून टाका, असा सल्ला पुष्कळांकडून मिळतो. मला तो पटत नाही. कर्नलमध्ये एखादा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकीच्या आकारात कोंबला जात असेल तर ती सूचनाच तुमची शेवटची संधी असते. नंतर मशीन नुसतं गप्प बसतं, कारण एरर छापणारं कुणी अजून जन्मलेलंच नसतं.

जुनं कोड आणि नवा कंपायलर यांच्या भांडणाचं आणखी एक ठळक उदाहरण ‘मल्टिपल डेफिनिशन’चं. हेडर फाइलमध्ये, म्हणजे अनेक फायलींत ओढून घेतात त्या सामायिक फाइलमध्ये, कुणीतरी ‘इंट टिक्स;’ असं लिहून ठेवलेलं असतं. ती हेडर पाच फायलींत आली की पाच टिक्स तयार होतात. पूर्वी जीसीसी त्या पाचांना गुपचूप एक करायचा. २०२० च्या जीसीसी १० पासून त्याने हा समजूतदारपणा सोडला. हेडरमध्ये पुढे ‘एक्सटर्न’ लावा आणि खरं व्हेरिएबल एकाच सी फाइलमध्ये ठेवा. विषय मिटला.

आता जास्त लोक जिथे अडतात तिकडे वळू. इंटरनेटवर मिळणारे बरेचसे ‘स्वतःचा कर्नल लिहा’ धडे ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरसाठी असतात आणि वाचणाऱ्याचा लॅपटॉप ६४ बिटांचा इंटेलच असतो. त्यामुळे क्रॉस-कंपायलरची गरजच वाटत नाही, ‘एम३२’ फ्लॅग लावला की काम होईल असं वाटतं. ते अर्धवट होतं, आणि अर्धवट होतं म्हणूनच जास्त छळतं.

बहुतेकदा पहिली अडते हेडर फाइल. कोडमध्ये फक्त ‘स्टडइंट’ आहे, पण एरर येतो ‘जीएनयू स्टब्ज ३२’ नावाची कुठलीशी फाइल नाही म्हणून. लगेच ३२ बिटांची सी लायब्ररी टाकायचा सल्ला मिळतो. ती टाकली की एरर जातो, पण आपण कर्नलमध्ये लिनक्सच्या हेडर ओढून आणतोय हे झाकलं जातं. सी भाषेच्या प्रमाणातच दोन जगं सांगितली आहेत. एक भरल्या घराचं, जिथे प्रिंटएफ, मॅलॉक, फायली, सगळं हाताशी असतं. दुसरं रिकाम्या खोलीचं, जिथे मीठसुद्धा नसतं. या दुसऱ्याला म्हणतात ‘फ्रीस्टँडिंग’. ‘एफ-फ्रीस्टँडिंग’ हा फ्लॅग दिला की जीसीसी स्वतःजवळची ‘स्टडइंट’ वापरतो, बाहेर कुठेही बघत नाही आणि स्टब्जचा प्रश्नच उरत नाही. रिकाम्या खोलीतही ‘स्टडडेफ’, ‘स्टडआर्ग’, ‘स्टडबूल’, ‘लिमिट्स’ अशा मोजक्या हेडर मिळतात, कारण त्यांच्यामागे कुठलीही लायब्ररी लागत नाही. ‘स्टडआयओ’ मात्र मिळणार नाही. छापणार कशावर?

मग येते लिंकरची, म्हणजे सुटे तुकडे जोडून एक प्रोग्राम करणाऱ्याची, पाळी आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची वरात. त्यात तुम्ही कधीही न लिहिलेली नावं असतात. माणूस घाबरतो तो इथेच, कारण स्वतःच्या कोडमध्ये शोधलं तर ते नाव कुठेच सापडत नाही. ही नावं कंपायलरने लिहिली आहेत, तुम्ही नाही.

‘स्टॅक-चेक-फेल’ हे त्यातलं नेहमीचं. उबुंटूचा जीसीसी सुरक्षेसाठी फंक्शनच्या स्टॅकवर एक पहारेकरी आकडा ठेवतो. परत जाताना तो बदललेला दिसला तर हे फंक्शन बोलावतो. ते राहतं सी लायब्ररीत आणि आपल्याकडे ती नाही. म्हणून ‘एफ-नो-स्टॅक-प्रोटेक्टर’.

‘ग्लोबल-ऑफसेट-टेबल’ दिसलं तर गृहीतक वेगळं. २०१६ च्या १६.१० आवृत्तीपासून उबुंटूचा ६४ बिटांचा जीसीसी प्रत्येक प्रोग्राम मेमरीत कुठेही ठेवता येईल असा बनवतो. या प्रकाराच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘पाय’. कर्नल मात्र एका ठरलेल्या पत्त्यावरच राहतो आणि त्याला हलवून ठेवणारा लोडरही नसतो. त्यामुळे लिंकरकडून थेट कच्ची बायनरी मागितली की तो या टेबलापाशी अडतो. ‘एफ-नो-पाय’ द्या. पाय काढून घेतल्यावर जो उभा राहतो तो कर्नल, असा आमच्याकडचा जुना विनोद आहे.

‘मेमसेट’ आणि ‘मेमकॉपी’ची गोष्ट जरा निराळी, इथे फ्लॅगने भागत नाही. तुम्ही एक मोठा स्ट्रक्चर दुसऱ्यात बरोबरच्या चिन्हाने टाकला, तर कंपायलर तिथे मेमकॉपीला हाक मारू शकतो. जीसीसीच्या कागदपत्रांत हे सरळ लिहिलंय: रिकाम्या खोलीतसुद्धा मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं आणायची जबाबदारी तुमची. चार छोटी लूप लिहा आणि मोकळे व्हा. त्यातही एक खड्डा आहे. तुम्ही मेमसेटचं साधं लूप लिहिलंत, ऑप्टिमायझरने ते ओळखलं, ‘अरे, हे तर मेमसेट आहे’ म्हणाला आणि लूपच्या जागी मेमसेटलाच हाक घातली. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं. जीसीसीने लोकांना असं रडवलेलं आहे. ‘ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ बंद करणारा फ्लॅग त्यासाठीच ठेवलाय.

सगळ्यात गूढ नाव म्हणजे ‘यूडिव्हडीआय३’. टायमरचे टिक्स ६४ बिटांच्या आकड्यात ठेवले आणि सेकंद काढायला शंभराने भागले, की हे उगवतं. ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांचा भागाकार एका झटक्यात येत नाही. शाळेतल्यासारखा हातचे घेत करावा लागतो, आणि ते काम करणारं फंक्शन ‘लिबजीसीसी’ या लायब्ररीत असतं. ‘नो-स्टडलिब’ हा फ्लॅग सी लायब्ररीबरोबर तीही बाहेर काढतो. म्हणून लिंक करताना शेवटी ‘एल-जीसीसी’ पुन्हा जोडायचं. शेवटीच, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि कुणी मागितलेलं नसेल ते आधी उचलून ठेवत नाही. शंभराऐवजी १२८ने भागलंत तर एरर येणारच नाही, कारण दोनाच्या घाताने भागणं म्हणजे बिट सरकवणं. एका ओळीत एवढासा बदल केला आणि बिल्ड तुटला, असं जे वाटतं ते यामुळे. लिनक्स कर्नल बहुतेक प्रोसेसरवर लिबजीसीसी मुद्दाम वापरत नाही. असे भागाकार ‘डू-डिव्ह’सारख्या स्वतःच्या मॅक्रोने करायला लावतो, म्हणजे महागडं काम उघड दिसतं.

हे सगळे फ्लॅग गोळा करत बसण्यापेक्षा ‘आय६८६-ईएलएफ’चा क्रॉस-कंपायलर एकदाच बसवा, हे माझं मत. पाय आणि पहारेकरी त्यात सहसा मुळातच बंद असतात. चार मेम-फंक्शनं मात्र तेव्हाही लिहावी लागतात. मॅकवाल्यांना तर पर्यायच नाही. तिथे ‘जीसीसी’ टाइप केलं तरी आतून क्लँग हा दुसराच कंपायलर बोलतो आणि फायली ईएलएफऐवजी मॅक-ओ प्रकारच्या निघतात.

लिंकरचा एक एरर मला विशेष आवडतो: ‘रीलोकेशन ट्रंकेटेड टु फिट’. रिस्क-फाइव्हचा कंपायलर काही न सांगितल्यास बहुधा असं धरतो की कोड शून्य पत्त्यापासून दोन जीबीच्या आत राहणार. क्यूईएमयू या प्रोग्रामच्या ‘व्हर्ट’ या बनावट मशीनमध्ये रॅम सुरू होते हेक्समधल्या ८००००००० या पत्त्यावर, म्हणजे बरोब्बर दोन जीबीवर. लक्ष्मणरेषेच्या एकच पाऊल पलीकडे! पत्ता दिलेल्या जागेत मावत नाही आणि लिंकर हात वर करतो. ‘एम-सीमॉडेल’ला ‘मेडएनी’ सांगितलं की कंपायलर शून्यापासून मोजणं सोडून स्वतः उभा असेल तिथपासून अंतर मोजतो. एक्सव्ही६च्या मेकफाइलमध्ये तो फ्लॅग आहे, इतरांच्या नमुना कोडमध्ये पुष्कळदा नसतो.

रिस्क-फाइव्हवालेच असाल तर ‘झिकएसआर एक्स्टेन्शन रिक्वायर्ड’ हेही कधीतरी भेटेल. प्रोसेसरची नियंत्रण रजिस्टरं वाचणाऱ्या आज्ञा पूर्वी मूळ संचातच मोजल्या जायच्या. पुढे प्रमाणात त्यांना वेगळं घर मिळालं आणि २०२२ च्या बिनयुटिल्स २.३८ ने ते मनावर घेतलं. मेकफाइलमध्ये ‘आरव्ही३२आयएमए’ लिहिलेलं असेल तर शेवटी ‘अंडरस्कोर झिकएसआर’ जोडा.

पुन्हा त्या रविवारकडे येतो. शेल दुरुस्त झाला, ‘मेक’ चालवलं आणि आता लिंकर म्हणाला की दोन फायली विसंगत आहेत. दोघंही पंधरा मिनिटं मेकफाइल उलटसुलट वाचत बसलो. मी तर लिंकर स्क्रिप्टपर्यंत जाऊन पोचलो. मग एकदम लक्षात आलं. सकाळी माझ्याकडे येण्याआधी त्याने मेकफाइल बाजूला ठेवून दोन-तीन सी फायली साध्या जीसीसीने हातानेच कंपाइल करून बघितल्या होत्या. त्यांच्या ऑब्जेक्ट फायली, म्हणजे लिंकरने अजून न जोडलेले तुकडे, तशाच पडून होत्या. ‘मेक’ फक्त वेळ बघतं. सी फाइल बदललेली नाही, ऑब्जेक्ट फाइल तिच्यापेक्षा नवी आहे, म्हणजे झालं काम. ती कुणी शिवली हे ‘मेक’ विचारत नाही. ‘फाइल’ ही कमांड एका ऑब्जेक्टवर चालवली तर उत्तर आलं: ६४ बिट, एक्स८६. शेजारच्यावर चालवली: रिस्क-फाइव्ह. एका सदऱ्याच्या दोन बाह्या दोन माणसांच्या मापाच्या.

‘मेक क्लीन’ केलं आणि मग ‘मेक क्यूईएमयू’. यावेळी ओळी सरसर वर गेल्या, पंखा थोडा गुरगुरला आणि स्क्रीनवर उमटलं की एक्सव्ही६चा कर्नल सुरू होतोय. खाली ‘हार्ट १ स्टार्टिंग’, ‘हार्ट २ स्टार्टिंग’.

"हार्ट म्हणजे?" त्याने विचारलं.

"रिस्क-फाइव्हवाले प्रोसेसरमधल्या एकेका चालत्या धाग्याला हार्ट म्हणतात. तुझी दोन हृदयं सुरू झाली, तिसरं आधीपासून धडधडत होतं."

शेलचं डॉलरचं चिन्ह आलं. त्याने ‘एलएस’ टाइप केलं, फायलींची यादी बघून हसला, पुन्हा एकदा टाइप केलं. मग ‘एक्झिट’ टाइप केलं, ते चाललं नाही. कंट्रोल-सी दाबलं, काही झालं नाही. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, यातून बाहेर कसं पडायचं?"

कंट्रोल-ए, आणि मग एक्स.